इतिहासात जाऊन चहा पिणारी माणसं

मराठी माणसाच्या हाती कालयंत्र लागलं, तर तो पहिल्यांदा कुठे जाईल याबद्दल दुमत होण्याचं कारण नाही. तो पानिपतावर जाईल. १४ जानेवारी १७६१ ही तारीख त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ असते. आणि त्या दिवशी कुणीतरी जरा शांतपणे विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं त्याला दोन्ही तारखांबद्दल वाटतं. तिथे पोचल्यावर तो काय करील हेही ठरलेलं आहे. तो सल्ला देईल. विश्वासरावांना म्हणेल, जरा डावीकडे सरका. भाऊसाहेबांना म्हणेल, काही झालं तरी हत्तीवरून उतरू नका. तेवढ्यात दुसऱ्या कालयंत्रातून आलेला दुसरा मराठी माणूस 'मुळात गोलाची लढाई करायलाच नको होती' असं म्हणत पुढे येईल, आणि मग त्या दोघांची अशी जुंपेल की अब्दालीसुद्धा लढाई थांबवून ऐकत उभा राहील.

जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञालाही हा मोह आवरला नाही. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी हुकते आणि इतिहासाची गाडी रूळ बदलून भलत्याच गावाला जाते. तात्पर्य काय, कालप्रवास म्हणजे आपल्याकडे दुरुस्तीखातं. मागे जायचं ते चूक सुधारायला. नुसतं बघायला कोण जातं?

तर असं नुसतं बघायला जाणाऱ्या माणसांच्या गोष्टींची एक इंग्रजी मालिका गेली तीन वर्षं आमच्या सोसायटीत फिरते आहे. जोडी टेलर नावाच्या बाईंनी लिहिलेली ही 'क्रॉनिकल्स ऑफ सेंट मेरीज'. पहिलं पुस्तक बाईंनी आधी पदरमोड करून स्वतःच काढलं. मग ते २०१३ साली रीतसर प्रकाशकाकडून आलं, आणि २०२३ पर्यंतच्या दहा वर्षांत मुख्य मालिकेची चौदा पुस्तकं झाली. शिवाय मधल्यामध्ये नाताळच्या गोष्टी, शिवाय कालप्रवाशांवर नजर ठेवणाऱ्या पोलिसांची निराळी मालिका. पहिल्या पुस्तकाचं नाव 'जस्ट वन डॅम्ड थिंग आफ्टर अनदर'. म्हणजे एकामागून एक लचांड. इतिहासाची इतकी नेमकी व्याख्या मी एम.ए.च्या पुस्तकातही पाहिलेली नाही.

सेंट मेरीज ही इतिहास-संशोधन संस्था. बाहेरून पाहावं तर जुनी इमारत आणि आत चार विक्षिप्त विद्वान. आत खरं काय चालतं, तर ही मंडळी भूतकाळात जाऊन घडणारा इतिहास डोळ्यांनी पाहतात, टिपणं काढतात आणि परत येतात. मात्र 'कालप्रवास' हा शब्द तिथे उच्चारायचा नाही. त्यासाठी त्यांनी एक लांबलचक, खास सरकारी थाटाचा शब्दप्रयोग बनवला आहे. तो पूर्ण उच्चारेपर्यंत एखादी छोटी लढाई आटोपून जावी.

त्यांच्या यंत्राला ते 'पॉड' म्हणतात. आता कालयंत्र म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दिवे, चक्रं, धूर वगैरे येतं. पॉड म्हणजे दगडी बांधणीची, सपाट छपराची, एक खोलीची खोपट. कुठल्याही शतकात, कुठल्याही देशात उभी केली तरी कुणी वळून बघणार नाही अशी. आत कोबी शिजल्यासारखा वास, एक बेताचा संडास आणि चहाची किटली. आमच्याकडे हे यंत्र चाललं नसतं असं माझं मत आहे. म्हणजे पोचलं असतं; पण दोन तासांनी इतिहासकार परत येईपर्यंत त्याला कुणीतरी शेंदूर फासून पुढे नारळ फोडला असता, आणि मग 'आम्हाला आत जायचंय' म्हणणाऱ्या संशोधकांना रांगेतून यायला सांगितलं असतं.

ही पुस्तकं आमच्यापर्यंत आली ती चकल्यांच्या मोबदल्यात. आमच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी इंग्लंडात नोकरीला आहे. येताना ती पुस्तकं आणते, जाताना चकल्या नेते, आणि या व्यवहारात फायदा आपलाच झाला असं दोन्ही पक्षांना वाटतं. पुस्तकाची प्रत एक आणि वाचणारे सहा. तेव्हा वरच्या मजल्यापासून खाली, या क्रमाने पुस्तक उतरतं, आणि शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात, वर्गणी थकवणाऱ्यांच्या यादीखाली बसून, त्यावर चर्चा होते. नियम एकच. ज्याचं वाचून झालं आहे त्याने तोंड उघडायचं नाही. आमची ही सगळ्यांत शेवटी वाचते, पण कोण मेलं हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. मी बशी कशी ठेवतो यावरून तिला कळतं म्हणे.

मंडळीही नमुनेदार आहेत. मास्तरांनी चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला; ते पेन्सिल घेऊन वाचतात आणि सनावळी तपासतात. बँकवाले काका मेलेल्या पात्रांचा हिशेब ठेवतात. हा हिशेब जमत नाही, कारण जमेच्या बाजूला काही पात्रं परत येतात. तिसऱ्या मजल्यावरची इंजिनिअरिंगची पोरगी लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर कुठला माणूस कुठल्या वर्षातून कुठल्या वर्षात गेला याचे नकाशे काढते. ते पाहून तिच्या आजीला वाटलं की पोरगी स्वेटरचा नमुना उतरवून घेते आहे. डॉक्टरीणबाई फक्त जखमा वाचतात. आणि काकू. काकूंना इंग्रजी भराभर वाचता येत नाही, म्हणून मास्तर त्यांना शुक्रवारी दुपारी भाग वाचून मराठीत सांगतात. माझा असा संशय आहे की मूळ पुस्तकापेक्षा मास्तरांचं मराठी जास्त विनोदी होत असावं, कारण काकू हसतात त्या जागा इंग्रजीत सापडत नाहीत.

आता या मालिकेत हसू नेमकं कशाचं येतं, हे पाहण्यासारखं आहे. भूतकाळात गेलेल्या माणसाची फजिती हा कालप्रवासी विनोदाचा राजरोस मार्ग. धोतर सुटतं, भाषा चुकते, कुणीतरी चेटकी म्हणून धरतं. हे सगळं इथेही आहे. पण बाईंचा खरा विनोद भूतकाळात नाहीच. तो कचेरीत आहे. ट्रॉयच्या वेढ्यावरून जीव वाचवून परत आलेल्या माणसाला साहेब पहिल्यांदा अहवाल मागतात. संस्थेचे संचालक डॉक्टर बेअरस्टो हे असे साहेब आहेत की फुटलेल्या, जळलेल्या आणि हरवलेल्या वस्तूंची किंमत पगारातून कापली जाते. वर थर्स्क नावाचं विद्यापीठ आहे. ते पैसे देतं आणि म्हणून हिशेब विचारतं. संशोधन विभागाचे प्राध्यापक रॅप्सन प्राचीन काळी अमुक गोष्ट कशी करत असतील याचा प्रयोग करून पाहतात, आणि मग इमारतीचा तो भाग काही दिवस वापरता येत नाही. मार्कहॅम म्हणून सुरक्षा खात्यातला एक लहानखुरा इसम आहे. लागायला, पडायला आणि पेटायला जे काही असेल ते त्यालाच लागतं. साहेबांची सेक्रेटरी मिसेस पार्ट्रिज ही मूळची कोण हे मी सांगत नाही. पण कुठल्याही कचेरीत साहेबांच्या सेक्रेटरीची देवतेसारखी मनधरणी करावी लागते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला फार आश्चर्य वाटणार नाही.

हे वाचताना सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला सारखं वाटत होतं की ही संस्था आपल्या खात्यात असती तर? मी मनातल्या मनात पानिपतचं प्रवासभत्त्याचं बिल भरून पाहिलं. प्रवासाचा दिनांक, १४ जानेवारी १७६१. परतीचा दिनांक, तोच. मुक्काम, निरंक. वाहन, खात्याचे. त्यावर ऑडिटचा शेरा मी आजही डोळे मिटून सांगू शकतो: 'सदर दिवशी कर्मचारी सेवेत नव्हता, सबब भत्ता अनुज्ञेय नाही.'

दुसरी गोष्ट बाईंच्या निवेदनाची. कथा सांगते ती मॅडलीन मॅक्सवेल, ऊर्फ मॅक्स. ही बाई भयंकर गोष्ट कमीत कमी शब्दांत सांगते. आग लागली, छप्पर कोसळलं, मागे भालेवाले धावताहेत, आणि हिचा सूर असा की आज बस जरा उशिरा आली. इंग्रजांची ही खोड प्रसिद्धच आहे. मास्तरांपुढे प्रश्न पडला की हे मराठीत आणायचं कसं? आपला विनोद बहुधा फुगवण्याचा. आपल्याकडे मुंगी चावली तरी नाग डसल्याची बातमी होते. पण बँकवाल्या काकांनी वाट दाखवली. ते म्हणाले, "मास्तर, कचेरीचं मराठी वापरा." आणि खरोखर जमलं. अख्खी भिंत पडली की 'किरकोळ दुरुस्ती प्रस्तावित'. माणूस बेपत्ता झाला की 'पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर'. इंग्रजांचं ते मितभाषण आणि आपल्या कारकुनाचं टिपण यांत रक्ताचं नातं आहे. दोघांनाही घाबरल्याचं कागदावर येऊ द्यायचं नसतं.

पण नुसत्या कचेरीच्या विनोदावर चौदा पुस्तकं चालत नाहीत. मग ही चालतात कशावर? यासाठी जरा मागे जायला हवं. आपल्याला पॉड लागणार नाही.

वेल्सचं 'द टाइम मशीन' १८९५ चं. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण त्याच्या सहा वर्षं आधी, १८८९ साली, मार्क ट्वेनने कनेक्टिकटचा एक यँकी डोक्यात तडाखा खाऊन राजा आर्थरच्या दरबारात पाठवला होता. हा कारखान्यातला माणूस. त्याला सूर्यग्रहणाची तारीख ठाऊक असते. त्या जोरावर तो जीव वाचवतो आणि मग सहाव्या शतकाची सुधारणा करायला घेतो. वर्तमानपत्र, टेलिफोन, शाळा; सरदारांच्या चिलखतांवर जाहिराती. हसून पोट दुखतं. आणि शेवटी त्या सुधारणेचं पर्यवसान विजेच्या तारांत आणि यांत्रिक बंदुकांत होऊन हजारो सरदार मरतात. ट्वेनला सांगायचं होतं ते एवढंच, की दुरुस्ती करायला मागे गेलेला माणूस आपल्या काळाची हत्यारंही बरोबर नेतो. पानिपतावर जाऊ इच्छिणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचावं.

गंमत अशी की त्याच १८८९ सालात जेरोमची ती नावेतली तीन माणसं आणि कुत्रा निघाला. त्या पुस्तकावरून नाव आणि सूर उचलून कॉनी विलिस या अमेरिकन बाईंनी १९९७ साली 'टू से नथिंग ऑफ द डॉग' लिहिलं. त्यातले ऑक्सफर्डचे इतिहासकार २०५७ सालातून व्हिक्टोरियन इंग्लंडात जातात, आणि १९४० च्या बाँबहल्ल्यात बेचिराख झालेल्या कॉव्हेंट्रीच्या चर्चमधली एक विलक्षण कुरूप फुलदाणी हुडकत फिरतात. तिथेही मुख्य काळजी काय, तर आपल्या हातून इतिहासाचं काही बिघडू नये. म्हणजे शंभर वर्षांत विनोदी कालप्रवाशाचा धंदाच बदलला. ट्वेनचा माणूस सुधारक होता. आता तो साक्षीदार झाला.

टेलरबाईंनी हा साक्षीदार आणखी बांधून टाकला आहे. त्यांच्या जगात इतिहास ही एक तापट शक्ती आहे. तुम्ही लुडबुड केलीत तर तो तुम्हाला मारून टाकतो. सबब सांगायला वेळ देत नाही. तिथली वस्तू इकडे आणता येत नाही. अपवाद फक्त त्याच क्षणी नष्ट होणार असलेल्या वस्तूचा. म्हणूनच पहिल्या पुस्तकात अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जळत असताना ही मंडळी जिवावर उदार होऊन गुंडाळ्या वाचवायला धावतात. आगीत पुस्तकं वाचवणाऱ्यांची धांदल वाचताना आमच्या मास्तरांचा आवाज चढला होता आणि ऑफिसाबाहेर वॉचमन येऊन उभा राहिला होता.

एरवी मात्र फक्त बघायचं. कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये ११७० साली आर्चबिशप बेकेटवर तलवारी चालतात, बघायचं. ट्रॉय पडतं, बघायचं. या ट्रॉयच्या भागात बाईंची करामत दिसते. इतिहासकार आधी ते शहर नांदतं असताना तिथे राहून येतात. बाजार, गल्ल्या, शेजारपाजार ओळखीचा होतो. आणि मग त्याच गल्ल्यांचा शेवट पाहायला त्यांना परत जावं लागतं. काय होणार हे ठाऊक आहे, कुणाला सांगता येत नाही, आणि नजर वळवायची नाही कारण बघणं हीच नोकरी. त्या प्रकरणात विनोद हळूहळू कमी होत जातो, जसा घरी कुणी फार आजारी असलं की रेडिओचा आवाज आपोआप लहान होतो. कुठे थांबावं हे ज्या विनोदाला कळतं, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या पुस्तकात बेकेटच्या खुनाबरोबरच डोडो पक्षी काकडीचं सँडविच खाताना कसा आवाज काढतात याचाही शोध लागतो. मॉरिशसचे ते डोडो सतराव्या शतकातच नामशेष झाले. हसता हसता लक्षात येतं की हा आवाज आता कुणालाच ऐकू येणार नाही. बाई हे बोलून दाखवत नाहीत, म्हणून ते लागतं.

आमच्या मंडळात खरा तंटा झाला तो तिसऱ्या पुस्तकाच्या, म्हणजे 'अ सेकंड चान्स'च्या, शेवटावरून. तिथे काय होतं हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की गमावलेलं माणूस पुन्हा समोर येतं, पण तेच ते नव्हे. आणि त्याची किंमतही मोजावी लागते. बँकवाले काका खवळले. म्हणाले, "ही लबाडी आहे. एकदा मेलेला माणूस खात्यात परत जमा होता कामा नये." पोरीने तीन लग्नपत्रिका पसरून हे तर्काला धरून आहे असं सिद्ध केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर्काचं राहू द्या, पण वाचकाला पुढच्या वेळी भीती वाटणार नाही त्याचं काय? मास्तर म्हणाले, ग्रीकांनीही हेच केलं होतं. मास्तरांच्या मते सगळंच ग्रीकांनी केलं होतं.

बोलता बोलता विषय असा फिरला की आपल्याला पॉड मिळाला तर आपण कुठे जाऊ. मास्तर अर्थातच पानिपत. काका म्हणाले, १९८३ चं लॉर्ड्स, वर्ल्ड कपची फायनल. शेवटी हातात आलेलं कुणी सोडत नाही असा तेवढाच एक दिवस त्यांच्या माहितीचा. पोरीला डायनोसॉर बघायचे होते. मग कुणीतरी काकूंना विचारलं.

काकूंचे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. करोनाची दुसरी लाट होती. इस्पितळात घरच्यांना जाऊ देत नव्हते. त्यांना गाडीत बसवताना पाहिलं ते शेवटचं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारणाऱ्याच्या ते प्रश्न तोंडातून निघाल्यावर ध्यानात आलं. काका चष्मा पुसू लागले. पोरीने गडबडीने म्हटलं, "पण काकू, त्या नियमाप्रमाणे काही बदलता येत नाही हं."

काकू म्हणाल्या, "बदलायचं कोण म्हणतंय, बाळ? मला दुसरे कुणी नकोत, आणि परतही नकोत. फक्त तेव्हा मी तिथे असायला हवी होते. बघायला." थोडं थांबून त्या मास्तरांकडे वळल्या. "त्या खोलीत किटली असते म्हणता ना, मास्तर? बरं झालं. त्यांना चारचा चहा तिथे वेळेवर कुणी दिला नसणार."

कुणी काही बोललं नाही. मग काकूच हसल्या, म्हणून आम्हीही हसलो.

समीक्षकाने पुस्तकाबाहेरच्या गोष्टी पुराव्याला आणू नयेत असा दंडक आहे. पण या मालिकेबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते त्या संध्याकाळइतकं स्पष्ट मला पुस्तकात बोट ठेवून दाखवता येणार नाही. नुसतं बघणं हे आपण फुकटचं, रिकामटेकड्याचं काम समजतो. कुणी मदतीला धावलं नाही की आपण म्हणतो, 'लोक नुसते बघत उभे होते.' टेलरबाई म्हणतात, बघण्याबघण्यात फरक आहे. ज्याचं काही बदलता येत नाही, त्याच्याजवळ शेवटपर्यंत थांबणं आणि पुढे ते नीट सांगणं, ही एक माणुसकी आहे. पहिल्या महायुद्धातल्या जळत्या इस्पितळात मॅक्स आणि पीटरसन नियमाचं पुस्तक बाजूला ठेवून जखमींना बाहेर ओढतात, तेव्हा त्या माणुसकीचं दुसरं टोक दिसतं. या दोन टोकांच्या मध्ये ही माणसं लोंबकळत असतात, आणि लोंबकळणाऱ्या माणसाला हसण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून ती एवढा चहा पितात. म्हणून ती एवढे विनोद करतात.

आता गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर डॉक्टरीणबाईंच्या लेकीने मला चकल्यांत सामील करून घेतलं असं वाटेल. क्लाइव्ह रोनन हा खलनायक फार वेळा निसटतो. काकांच्या शब्दांत, "हे बँकेचं बुडीत कर्ज आहे, दर वर्षी नवा कागद करून पुढे ओढायचं." मॅक्स आणि तंत्र विभागाचे प्रमुख लिऑन फॅरल यांचं जे प्रेमप्रकरण आहे, त्यातले निम्मे पेच एकमेकांना सरळ न विचारल्यामुळे झालेले. शतकंच्या शतकं ओलांडणारी ही दोघं समोरासमोरच्या दोन खुर्च्यांमधलं अंतर ओलांडत नाहीत. यावर आमची ही "त्याला इंग्लंडात कशाला जायला हवं?" एवढंच म्हणाली. कधी कधी हास्य आणि हत्या इतक्या जवळ येतात की पहिल्या घासाला श्रीखंड आणि दुसऱ्याला ठेचा लागावा. आणि ट्रॉयसारखे भाग सोडले तर इतिहासातली माणसं बऱ्याचदा पडद्यावरच्या चित्रासारखी मागे राहतात. पुढे धावत असतात ते आपले सेंट मेरीजवालेच. मधल्या काही पुस्तकांत तर भूतकाळापेक्षा संस्थेच्या भानगडीच जास्त जागा खातात. सोसायटीच्या मीटिंगा पाहिलेल्या माणसाला याची सवय असते, पण तिथे निदान तिकीट काढावं लागत नाही.

तरीही ही पुस्तकं एकट्याने वाचू नयेत असं मी सुचवीन. एकट्याने वाचली तर ती दोन दिवसांत संपतात. सहा जणांनी वाचली की एका डोडोवर पंधरा दिवस जातात. शिवाय पुस्तकात मजकुराखेरीजही बरंच काही जमा होतं. आमच्या पाचव्या पुस्तकात १६६६ च्या लंडनच्या आगीपाशी हळदीचं बोट आहे. सहाव्यात, बॉसवर्थच्या लढाईच्या पानात, कुणाचं तरी इस्त्रीचं बिल आहे. सातव्यात समासात मास्तरांची पेन्सिल आणि त्याखाली काकांची 'असहमत' अशी सही आहे. पुढेमागे खरंच एखादा पॉड आमच्या आवारात उतरला, तर आम्ही कोण होतो हे समजायला त्याला एवढे कागद पुरावेत.

वाचायला घेणाऱ्याला एकच सूचना. पहिल्यापासून क्रमाने वाचा. मधूनच शिरलात तर कोण जिवंत, कोण मेलेलं आणि कोण दोन्ही, याचा पत्ता लागणार नाही, आणि आमच्या पोरीच्या लग्नपत्रिका आता संपल्या आहेत.

चौदावं पुस्तक सध्या पहिल्या मजल्यावर आहे. ते संपलं की विलिसबाईंचं ते कुत्र्याच्या नावाचं पुस्तक घ्यायचं ठरलं आहे. मास्तरांनी कॉव्हेंट्रीच्या तारखा आधीच काढून ठेवल्या आहेत. काकांनी मृतांसाठी नवी वही आणली आहे. फार पानं लागणार नाहीत असं सांगूनही ऐकत नाहीत. काकूंनी फक्त त्या पुस्तकात चहा आहे का, एवढं विचारून घेतलं. आहे, म्हटलं. बागेत बसून, कपबशीतून, आणि पगारातून काही कापत नाहीत.